जरा ॲडजस्ट करा ना

ॲडजस्ट हा शब्द इंग्रजी आहे हे आता फक्त डिक्शनरीलाच माहितीये. आमच्या ठाण्यात तो भाजीवाल्याला येतो, रिक्षावाल्याला येतो, माझ्या सासूबाईंनाही येतो, ज्या एरवी कुठल्याही इंग्रजी शब्दाला "ते तुमचं काय ते" म्हणून मोकळ्या होतात. सुट्टे नसले की पुढच्या वेळी ॲडजस्ट करू, घरमालक रंगाचे पैसे डिपॉझिटमधून ॲडजस्ट करतो (आणि रंग मात्र लावत नाही), आमटीत मीठ जास्त पडलं की बटाटा घालून ॲडजस्ट, लग्नाच्या हॉलवर खोल्या कमी पडल्या की "काकूंना मुलींच्या खोलीत ॲडजस्ट करा", म्हणजे काकूंना विचारायचा प्रश्नच नाही. मराठीत एवढी ओझी वाहणारं क्रियापद मला दुसरं एकच आठवतं ते म्हणजे लागणे, ज्यात तहान लागते, नोकरी लागते, बस लागते आणि ठेचही लागते. पण लागणे आपलं घरचं आहे, ॲडजस्ट पाहुणा आला आणि इथलाच होऊन बसला. बेंगळुरूवाल्यांनी तर त्याचं ब्रीदवाक्यच केलंय, स्वल्प ॲडजस्ट माडी. आपल्या स्वल्पविरामातला तोच स्वल्प, थोडंसं. कुठल्याही भाषेत ॲडजस्टच्या आधी थोडं, जरा, स्वल्प असं काहीतरी लावावंच लागतं हे माझ्या मते संशयास्पद आहे.

या शब्दाचं खरं विद्यापीठ म्हणजे लोकलचा डबा. ठाण्याचा नऊ-दहा नंबर फलाट, वाशी पनवेलच्या गाड्या, लेडीज डबा, सकाळची वेळ. बाक तिघींचा. तिघी बसलेल्या असतात आणि चौथी येऊन उभी राहते, ती काही बोलत नाही, नुसती बोटांनी "सरका" अशी खूण करते. तिसरी मोबाईलमध्ये डोकं घालून बसते कारण बघितलं की सरकावं लागतं. मग ते वाक्य येतं, "ओ ताई, जरा ॲडजस्ट करा ना." आता पुढे काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. खिडकीवाली हलत नाही, ती हलल्यासारखं करते, ओढणी सारखी करते आणि परत तिथेच बसते. मधली पर्स मांडीवर घेते, खांदे आत घेते. तिसरी चार बोटं सरकते. आणि चौथीला मिळते ती अर्धी सीट, एक पाय पॅसेजमध्ये रोवून तिला तोल सांभाळावा लागतो, त्याच पायावर जाणारीयेणारी प्रत्येक जण पाय देते, तरी चेहऱ्यावर समाधान, बसायला मिळालं! आता मधे दिघा गाव स्टेशन पण झालंय, ते जातं, ऐरोलीला आयटीवाल्या भराभर उतरतात, चौथी मग तिसरी होते आणि पुढच्या चौथीकडे बघत नाही. मी कोपरखैरण्याला उतरते तोवर हे सगळं शांतपणे चालू असतं. त्या बाकावर सगळ्यात जास्त कोण आवळलं गेलं तर मधली, आणि तिला कुणीच थॅंक्यू म्हणत नाही, थॅंक्यू तिसरीला मिळतं.

याच ठाण्यात १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली. साधारण ३४ किलोमीटर, चौदा डबे, चारशेच्या आसपास माणसं, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं आणि वर एकवीस तोफांची सलामी. डब्यागणिक तीसेक माणसं आली हो. त्या दिवशी कुणीही कुणाला ॲडजस्ट करा म्हटलं नसणार. आता रेल्वेच्याच भाषेत आपल्या गर्दीला नाव आहे, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये उभी चौदा ते सोळा माणसं. घरी फरशीवर खडूनी मीटर बाय मीटरचा चौकोन आखून बघा, मी बघितलाय, त्यात आमच्या घरातली सगळी माणसं आणि समोरच्या ब्लॉकमधली सगळी उभी केली तरी आकडा गाठत नाही. म्हणजे ॲडजस्ट करण्याचं माप काढणारं कुणीतरी आहे बरं का, आपण फक्त करतो. आणि ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारशेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, किमान चार जण गेले. त्या दिवसापासून नवरा मेन लाईननी येऊन सहज म्हणाला की "ॲडजस्ट करून चढलो कसाबसा" तरी माझ्या पोटात कालवतं.

तर हा शब्द आला कुठून. लॅटिनमध्ये युक्स्टा म्हणजे जवळ, शेजारी, अगदी लागून. त्याला आद म्हणजे "कडे" लावलं की आदयुक्स्तारे, शेजारी आणून ठेवणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमधे आजोस्ते झालं, आजच्या फ्रेंचमधे त्याचंच आजुते आहे आणि त्याचा अर्थ नुसता "भर घालणे", तिघांत चौथा घालणे म्हणा हवं तर. इंग्रजीत ते चौदाव्या शतकाच्या शेवटाकडे पोचलं. म्हणजे आपल्या डब्यातल्या बाईनी कुठल्याही प्रोफेसरला न विचारता शब्दाचा मूळ अर्थ पकडलाय, मला तुमच्या शेजारी येऊ द्या, लागून बसू द्या.

पण मधे एक गंमत झाली. लॅटिनमध्ये युस्तुस असा वेगळाच शब्द होता, न्याय्य, बरोबर, ज्याच्यावरून जस्ट आणि जस्टिस आले. ॲडजस्टमध्ये जस्ट दिसतोय म्हटल्यावर शिकलेल्या लोकांनी ठरवून टाकलं की याचा संबंध त्याच्याशीच असणार. संबंध नव्हता. पण एकदा लोक मानायला लागले की शब्दाला तसं वागावंच लागतं, आणि "जवळ आणणे" हळूहळू "बरोबर करणे, नेमकं करणे" झालं. घड्याळ ॲडजस्ट करा, तराजू ॲडजस्ट करा, हिशोब ॲडजस्ट करा. पुढे विम्यावाल्यांनी उचललं, नुकसान किती झालं आणि द्यायचे किती हे ठरवणारा तो ॲडजस्टर. म्हणजे एका शब्दाच्या पोटात दोन शब्द आहेत, एक म्हणतो जवळ या, दुसरा म्हणतो बरोबर करा, आणि मला नेहमी वाटतं की आपण पहिला घेतला आणि दुसरा डब्याबाहेर फलाटावरच राहिला.

अजून एक नातेवाईक सांगायचा राहिला. युक्स्टापासूनच जाउस्ट निघाला, म्हणजे ते युरोपातले चिलखतवाले घोड्यावरून भाले रोखून समोरासमोर धडकायचे तो खेळ. जवळ येणे, बास, बाकी काय होईल ते होईल. संध्याकाळच्या गाडीत ठाण्याला उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या बायका समोरासमोर येतात तेव्हा ॲडजस्ट आणि जाउस्ट सख्खे भाऊ आहेत हे कुणाला समजावून सांगायला लागू नये. आणि याच्याही मागे गेलं तर युक्स्टा ज्या मुळातून आला तेच मूळ आपल्या युज् धातूचं, जोडणे. योग, योग्य, युक्त, युक्ती, उद्योग सगळी तिकडचीच मंडळी, आणि बैलांच्या मानेवरचं जू पण तिकडचंच. लॅटिन युगुम, इंग्रजी योक, आपलं जू. सकाळी बाबा रामदेवांच्या पद्धतीनी योग आणि नंतर दिवसभर जू, अशी आपली दिनचर्या एकाच धातूत बसते.

माझ्या कामाचा याच्याशी संबंध आहे म्हणून मला हे एवढं सुचतंय. मी महापे एमआयडीसीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे, म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासणारी लॅब. लोकांना वाटतं कॅलिब्रेशन म्हणजे ॲडजस्ट करणे, आणि तसं नाहीये, अजिबात नाहीये. मापनशास्त्राचा जो जागतिक शब्दकोश आहे, पॅरिसजवळच्या त्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय ब्युरोचा, त्यात स्पष्ट लिहिलंय की या दोघांची गल्लत करू नका, ॲडजस्टमेंटच्या आधी कॅलिब्रेशन झालेलं असलं पाहिजे. म्हणजे आधी चूक किती आहे ते मोजा आणि लिहा, मग हात लावा.

समजा एखाद्या कंपनीतून प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजायचा काटा, आला. काचेला ऑइल लागलेलं, मागे कुणीतरी मार्करनी लाइन नंबर लिहिलेला, थ्रेडला अजून टेफ्लॉन टेपचे तुकडे. तो आधी पुसायचा, तासन् तास लॅबच्या टेंपरेचरला ठेवायचा, मग मास्टरच्या, म्हणजे ज्याचं माप आधीच पक्कं तपासलेलं असतं त्या गेजच्या, शेजारी लावायचा (बघा, शेजारी, युक्स्टा!) आणि प्रेशर वाढवत न्यायचं, मग उतरवत आणायचं, कारण चढताना आणि उतरताना काटा एकच बोलेल असं नाही. मास्टर म्हणतोय ६ बार, हा म्हणतोय ६.२. या आकड्याला आमच्याकडे ॲज फाउंड म्हणतात, जसा सापडला तसा. मग काटा काढून नीट बसवायचा किंवा आतल्या लिंकला हात घालायचा, परत सगळी रीडिंग घ्यायची, ते ॲज लेफ्ट, जसा सोडला तसा. आयएसओ १७०२५, म्हणजे आमच्यासारख्या लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, म्हणतं की ॲडजस्ट केलं असेल तर सर्टिफिकेटवर आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे असले की द्यायचे. पार्टीला हे आवडत नाही. फोन येतो, "मॅडम ॲडजस्ट करून पाठवा ना, ते आधीचं कशाला टाकता, ऑडिटमधे प्रश्न येतात." प्रश्न यावेत म्हणूनच तर ते टाकायचं! कारण गेल्या वर्षभर तो गेज ६ च्या जागी ६.२ दाखवत होता तर त्या वर्षभरात तुमच्या रिॲक्टरमधे जे शिजलं ते बरोबर शिजलं का, हे फक्त आधीच्या आकड्यावरून कळतं. नुसता ॲज लेफ्ट ठेवलात तर कागदावर तो गेज जन्मापासून शहाणा.

आता घरातलं बोलू. लग्न होऊन मी कोपरीला आले तेव्हा आईनी निघताना एवढंच सांगितलं, ॲडजस्ट कर. कशाशी, किती, कुठपर्यंत, काही नाही. लग्नाआधी मी सकाळी उठल्यावर पहिला तास कुणाशी बोलायचे नाही, भांडण म्हणून नाही, माझा आवाजच उशिरा उठायचा. इथे पहाटेपासून सगळे एकमेकांशी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलतात. मी आता पहाटे साडेपाचला दूधवाल्याच्या हिशोबावर भाषण करू शकते. आणि सगळे म्हणतात की किती छान जुळवून घेतलंस गं, तू पहिल्यापासूनच अशी बोलकी. पहिल्यापासून! माझं ॲज फाउंड कुणी लिहूनच ठेवलं नाही. नवऱ्यानीही केलं हां, उगाच खोटं कशाला बोलू, माझी ऑडिटची गडबड असायची तेव्हा तो कुकर लावायला शिकला. पण त्याच्या कुकरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग अख्ख्या खानदानाला पाठ आहे, कुठल्याही मुंजीत गेलो तरी कुणीतरी काढतंच.

मला यात व्याकरणाचा दोष दिसतो. मूळात हे क्रियापद सकर्मक होतं, तुम्ही काहीतरी ॲडजस्ट करायचात, काटा, घड्याळ, हिशोब. विसाव्या शतकात मानसशास्त्राच्या जोरावर ते माणसावर आलं आणि कर्म गळून पडलं, आता माणूस नुसताच ॲडजस्ट होतो. होतो तो वेल ॲडजस्टेड, होत नाही त्याच्यात बिघाड, मॅलॲडजस्टेड. मार्टिन ल्युथर किंग यांनी १९६७ साली वॉशिंग्टनमध्ये खुद्द मानसशास्त्रज्ञांच्याच अधिवेशनात भाषण केलं आणि त्यांचाच शब्द त्यांच्यावर उलटवला, म्हणाले की वंशभेदाशी, अन्यायाशी जुळवून न घेणारा तो बिघडलेला असेल तर मी बिघडलेला बरा, आणि क्रिएटिव्ह मॅलॲडजस्टमेंटच्या प्रसारासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटनाच काढायला पाहिजे. मानसशास्त्रज्ञांच्या तोंडावर हे म्हणायला जिगर लागते.

आमच्या लॅबमधे घणसोली गावातली एक जण आहे, आगरी, मोठ्या आवाजाची, डब्यात सुकटीची चटणी असली की तिच्या टेबलाभोवती सगळे. एकदा जेवताना कुणीतरी म्हटलं की तुम्ही गाववाले शहरात बरे ॲडजस्ट झालात. ती चपातीचा तुकडा हातातच धरून म्हणाली, "आम्ही? आम्ही कुठं नाय गेलो. आमच्या शेतावर तुम्ही ॲडजस्ट झालाव." यावर कुणाला बोलता येईना. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली, ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, मिठागरं, भातखाचरं सगळं त्यात. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जासई भागात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं सूत्र आलं. साडेबारा टक्के, शंभरातले साडेबारा. हे विमा ॲडजस्टरच्या अर्थानी ॲडजस्टमेंट म्हणता येईल, नुकसानीचं माप निघालं, ते बरोबर निघालं का हा वाद अजून चालूच आहे. पण निदान माप काढा म्हणून माणसं रस्त्यावर आली, काकूंसारखं न विचारता मुलींच्या खोलीत टाकता आलं नाही त्यांना. रोज सकाळी गाडीत "अगला स्टेशन घणसोली" ऐकताना मला ती चपाती आठवते.

शब्दाचा सगळ्यात घाण वापरही सांगून टाकते म्हणजे यादी गुळगुळीत राहणार नाही. २०२४ मध्ये केरळात हेमा समितीचा अहवाल बाहेर आला, मल्याळम सिनेमात काम करणाऱ्या बायकांबद्दलचा. त्यात नोंद आहे की या धंद्यात येणाऱ्या बायकांच्या कानावर दोन शब्द पहिल्यापासून पडतात, कॉम्प्रमाइज आणि ॲडजस्टमेंट. अर्थ एकच, काम हवं तर शरीरसंबंधांना तयार राहा. तसं उघड बोलायचीही गरज नाही, नुसतं विचारलं की झालं, ॲडजस्ट कराल ना. केवढी सोय आहे बघा या शब्दाची, मागणाऱ्याला काहीच बोलावं लागत नाही आणि नाही म्हणणारी उगाचच आडमुठी ठरते.

माझे बाबा बेलापूर पट्टीत फिटर होते. त्यांच्या पेटीत दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा असे सगळे पाने ओळीनी, आणि सगळ्यात खाली फडक्यात गुंडाळलेला स्क्रू पाना, म्हणजे इंग्रजीतला ॲडजस्टेबल स्पॅनर. योहान पेटर योहान्सन नावाच्या स्वीडिश माणसानी १८९२ साली त्याचं पेटंट घेतलं, मधली ती छोटी चक्री फिरवली की जबडा हवा तेवढा उघडतो, एका पान्यात सगळे नट. बाबांना तो आवडायचा नाही. "हा सगळ्यांना होतो म्हणून कुणालाच धड होत नाही, नट खातो," असं म्हणायचे, कारण थोडी फट राहतेच आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात, मग तो कुठल्याच पान्याला दाद देत नाही. नाइलाजानी वापरायचाच झाला तर एक नियम होता, जोर नेहमी पक्क्या जबड्यावर यायला हवा, हलणाऱ्यावर नाही. उलटा धरला की पेटी ओढून घ्यायचे माझ्या हातातून. हलणारा जबडा फक्त धरायला असतो, ताकद त्याच्यावर टाकली की चक्री ढिली होत जाते आणि मग तो पाना कायमचा खुळखुळतो. त्या लेडीज डब्यातल्या मधल्या बाईकडे बघताना मला नेमका हाच पाना आठवतो, उलटा धरलेला.

आता सध्याचं ताजं. माझ्या भाचीचं बघतायत, वहिनींनी बायोडाटा केला, वर गणपती, खाली फोटो, गोत्र, नक्षत्र, उंची, आणि स्वभावाच्या पुढे "मनमिळाऊ, ॲडजस्टिंग". भाची कळव्याला राहते, ऐरोलीत नोकरी करते, टेस्टिंगमधे आहे, म्हणजे चुका शोधायचाच पगार घेते. तिनी फाइल उघडली, ॲडजस्टिंग तिथून कट केलं, आणि खाली अपेक्षा असं लिहिलेलं असतं ना, उच्चशिक्षित, निर्व्यसनी, स्वतःचं घर, त्याच्या शेवटी नेऊन पेस्ट केलं. वहिनींनी न वाचताच सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड केलं. दोन दिवसांनी डोंबिवलीच्या एका स्थळाकडून मुलाच्या आईचा फोन आला, फार गोड बोलल्या, फोटो आवडला म्हणाल्या, पत्रिका पण जुळते म्हणाल्या, फक्त एक सांगायचं होतं, तुमच्या बायोडाटात छपाईची चूक झालीये, ते ॲडजस्टिंग चुकून मुलाच्या बाजूला गेलंय, तेवढं वर घेऊन परत पाठवाल का?